आडनाव : व्हायोलिन

ऑपेराच्या दुसऱ्या अंकाच्या मध्यावर धाकट्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “आई, ती मरणार आहे ना? मग कधी मरणार?” त्याला झोप आली होती. आम्ही सगळ्यात वरच्या सज्जात बसलो होतो. पुढच्या कठड्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला रंगमंचाचा डावा कोपरा तेवढा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यात बराच वेळ काहीच घडत नव्हतं. दहा वर्षांची लेक गुडघ्यांवर बसून मान उंचावून बघत होती, पण तिचेही पाय भरून आले होते. मध्यंतरात आम्ही चौघंही बाहेर पडलो.

इटलीतली ती आमची तिसरी रात्र. हॉटेलवर मुलं झोपली आणि मला मात्र झोप येईना. आम्ही सांगलीचे. मिरज सहा-सात मैलांवर. तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मी आईच्या मांडीवर झोपत झोपतच गाणं ऐकायला शिकले. आपल्या बैठकीत मुलासाठी जागा असते. सतरंजी असते, कुणाची तरी मांडी असते, मध्येच जागं झालं तर समोर तंबोरा झुलत असतो. झोपेतही सूर कानावर पडत राहतात आणि त्याला कुणी अरसिकपणा म्हणत नाही. मखमली खुर्चीत मात्र मुलाला आडवं होता येत नाही. चूक मुलांची नव्हती आणि त्या नाट्यगृहाचीही नव्हती. तीन तासांचं, लांबून दिसणारं, न कळणाऱ्या भाषेतलं गाणं मी मुलांपुढे एकदम वाढलं होतं. उरलेल्या दिवसांत मी एकाच गोष्टीच्या मागे लागले : मुलांना हे संगीत हाताच्या अंतरावर कुठे ऐकायला मिळेल?

पहिला अडसर कॅलेंडरचा. इटलीतली मोठी नाट्यगृहं ऑगस्टमध्ये बहुतेक बंद असतात आणि संगीत उघड्यावर येतं. वेरोनाच्या अरेनात, म्हणजे पहिल्या शतकातल्या रोमन प्रेक्षागारात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ऑपेरा होतात. वर्दीच्या जन्मशताब्दीला, १९१३ च्या ऑगस्टमध्ये, ‘आयदा’नं तिथे सुरुवात झाली. वरच्या दगडी पायऱ्यांवर उशी टाकून बसायचं, अंधार पडला की लोक मेणबत्त्या लावतात, आणि मूल पेंगलं तर पायरीवरच आडवं होतं. आपल्या बैठकीच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा बहुधा हीच. पण आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आम्ही मे महिन्यात गेलो होतो, त्यामुळे अरेना दिवसा रिकामाच पाहिला. मुलं पायऱ्या चढली, उतरली, खाली उभं राहून टाळी वाजवली की वर ऐकू येते का ते बघत राहिली. मे महिन्याचा फायदा दुसरीकडे आहे. नाट्यगृहांचा हंगाम तेव्हा चालू असतो आणि फ्लोरेन्समध्ये १९३३ पासून चालत आलेला ‘माज्जो म्युझिकाले’ महोत्सव त्याच सुमारास भरतो. माज्जो म्हणजे मेच. ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी पार्माचा वर्दी महोत्सव आहे.

दुसरा अडसर शोधायचा कुठे याचा. मला सगळ्यात उपयोगी पडली ती चर्चची दारं. तिथे हातभर कागदावर संध्याकाळचा कार्यक्रम लिहून चिकटवलेला असतो. दोन-चार शब्द ओळखता आले की काम भागतं. ‘इंग्रेसो लिबेरो’ म्हणजे प्रवेश मोफत. ‘बांबिनी’ म्हणजे मुलं. आणि ‘वोची बिआंके’. याचा शब्दशः अर्थ ‘पांढरे आवाज’. अजून न फुटलेल्या कोवळ्या आवाजांना इटालियन माणूस पांढरे आवाज म्हणतो, आणि बालगायकांच्या वृंदाचं नावच ते आहे. हे शब्द लेकीनं वहीत लिहून घेतले आणि पुढे प्रत्येक गावात पोस्टर वाचायचं काम तिचं झालं.

क्रेमोनाला जायचं ठरलं ते तिच्या एका प्रश्नामुळे. “सतारी-तंबोरे मिरजेत घडतात, मग व्हायोलिनचं मिरज कुठलं?” असं तिनं विचारलं होतं. मिलानहून गाडीनं एक-सव्वा तासावर हे गाव आहे. व्हायोलिन घडवणाऱ्या आमाती, ग्वार्नेरी आणि आंतोनियो स्त्रादिवारी यांचं. स्त्रादिवारी १७३७ साली नव्वदी ओलांडून वारला. त्यानं अकराशेच्या आसपास वाद्यं घडवली असावीत, त्यांतली साडेसहाशेच्या घरात आजही आहेत. गावात शंभराहून अधिक कारागीर अजून हातानं व्हायोलिन घडवतात आणि त्यांच्या या कलेला २०१२ साली युनेस्कोनं मानवजातीच्या वारशात जागा दिली.

तिथल्या व्हायोलिन संग्रहालयात जुनी वाद्यं काचेमागे आहेत. आपल्यासारख्या पालकांनी विचारायचं ते मात्र त्यांच्या ‘औदित्सिओने’बद्दल, म्हणजे ऐकवण्याबद्दल. आठवड्याअखेरीस काचेमागचं एखादं वाद्य बाहेर काढून शेजारच्या सभागृहात वाजवलं जातं. कार्यक्रम जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा. सभागृह लाकडी, गोलाकार, साडेचारशेच्या आसपास खुर्च्यांचं, आणि प्रेक्षक वादकाच्या चहूबाजूंनी बसतात. आम्ही वादक बाईंपासून वीसेक फुटांवर होतो. गज तारेवर टेकण्याआधी त्यांनी श्वास घेतला तो ऐकू आला. धाकटा पुढे सरकून खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि शेवटपर्यंत तिथून हलला नाही. अर्ध्या तासात कुणाला झोप येण्याचा प्रश्नच नव्हता.

बाहेर आल्यावर मुलांना मी या सभागृहाची गोष्ट सांगितली. २०१९ च्या जानेवारीत या जुन्या वाद्यांचे सूर नोंदवून ठेवायचं काम इथे चाललं होतं. वाद्यं म्हातारी होत चालली आहेत, पुढे कधी त्यांचा आवाज गेला तर निदान नोंद राहावी म्हणून. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, आणि त्यांचा एकेक सूर वेगवेगळ्या तऱ्हेनं वाजवून घ्यायचा. मायक्रोफोन इतके नाजूक की रस्त्यावरच्या गाडीचा हादरा, फरसबंदीवरचा उंच टाचांचा आवाजही पकडला जाई. मग महापौरांनी आजूबाजूच्या रस्त्यांवरची वाहतूक थांबवली आणि गावकऱ्यांना आवाज न करण्याची विनंती केली. पाच आठवडे गाव हळू आवाजात बोललं. ही गोष्ट ऐकल्यावर धाकटा चौकातून चवड्यांवर चालू लागला, आणि स्टेशनपर्यंत तसाच चालला.

गावात एका कारागिराच्या दुकानाचं दार उघडं होतं. भिंतीला टांगलेली बिनरंगाची व्हायोलिनं, जमिनीवर लाकडाचे कुरळे छिलके. समोरची पातळ फळी स्प्रूसची, पाठ मेपलची. चांगला स्प्रूस उत्तरेकडच्या वाल दि फिएम्मेच्या जंगलातून येतो, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. लेकीनं मिरजेच्या तंबोऱ्याला पंढरपूरकडचा भोपळा लागतो हे हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यांनी मग एक व्हायोलिन तिच्या डोळ्याशी धरलं आणि पोटावरच्या नागमोडी फटीतून आत बघायला लावलं. आत पेन्सिलीएवढी एक लाकडी काडी उभी होती. वरच्या फळीचं कंपन खालच्या पाठीला पोचवणारी. ती डिंकानं चिकटवत नाहीत, नुसती दोन फळ्यांच्या दाबानं उभी असते, आणि केसभर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. तिला काय म्हणतात? ‘आनिमा’, ते म्हणाले. आत्मा.

व्हेनिसला संध्याकाळी पुलापुलांवर अठराव्या शतकातले पोशाख चढवलेली माणसं विवाल्दीच्या कार्यक्रमांची तिकिटं विकतात. मुलांना तो थाट आवडतो, त्यात वावगं काही नाही. आम्ही गेलो ते सान विदाल चर्चमध्ये. तिथे वादक साध्या काळ्या कपड्यांत वाजवतात आणि वाद्यं अगदी समोर असतात. ‘चार ऋतू’ची निवड मी मुद्दाम केली होती. १७२५ साली अॅमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या या चार रचनांच्या सोबत चार सुनीतं आहेत आणि कुठल्या सुरात काय घडतंय ते विवाल्दीनं स्वरलिपीतच लिहून ठेवलंय. वसंतातल्या संथ भागात गुराखी झोपलाय, आणि व्हायोला सारखा तेच दोन सूर काढतोय, तो त्याचा भुंकणारा कुत्रा. मी मुलांना एवढंच सांगितलं की यात एक कुत्रा आहे, शोधा. तो भाग सुरू झाला आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला धाकट्यानं माझा हात घट्ट दाबला. त्याला सापडला होता. एवढ्या एका धाग्यावर त्यानं पुढचे तिन्ही ऋतू ऐकले. मुलाला संगीत ‘समजावं’ म्हणून धडपडण्यापेक्षा त्याला शोधायला काहीतरी द्यावं, हे मला त्या रात्री कळलं.

पण व्हेनिसमध्ये मुलांच्या मनाला लागलं ते दुसरंच. ‘ऑस्पेदाले देल्ला पिएता’ हा चौदाव्या शतकात सुरू झालेला अनाथाश्रम. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात रात्री येऊन आया मूल ठेवून जात. मुलासोबत कधी अर्धं पदक, कधी अर्धं फाडलेलं चित्र ठेवलेलं असे. उरलेलं अर्धं आईपाशी, म्हणजे पुढे कधी दिवस पालटले तर जुळवून मूल परत मागता यावं. असे अर्धे तुकडे अजून जपून ठेवलेले आहेत. एकेका तुकड्यापाशी लेक उभी राहायची आणि विचारायची, “दुसरं अर्धं आलं का?” बहुतेकींचं आलं नाही.

या आश्रमातल्या निवडक मुलींना गाणं-वाजवणं शिकवलं जाई. १७०३ साली त्यांना व्हायोलिन शिकवायला एक लाल केसांचा तरुण पाद्री नेमला, तो आंतोनियो विवाल्दी. मुली चर्चच्या वरच्या सज्जात, लोखंडी जाळीआड उभ्या राहून वाजवत. युरोपभरचे लोक त्यांना ऐकायला व्हेनिसला येत, आणि चेहरे न बघता जात. या मुलींना आडनाव नव्हतं. मग ज्या वाद्यावर हात बसला ते वाद्य नावाला लागे. पेलेग्रिना ‘ओबोची’. आन्ना मारिया ‘व्हायोलिनची’, इटालियनमध्ये ‘दाल व्हिओलिन’. ही आन्ना मारिया तान्ही असल्यापासून तिथेच वाढली, विवाल्दीनं तिच्यासाठी खास रचना केल्या, पुढे ती स्वतः तिथे शिकवू लागली आणि १७८२ मध्ये तिथेच वारली.

“म्हणजे सतारमेकर,” लेक म्हणाली. मी क्षणभर थांबले. मिरजेत आम्ही ज्यांच्याकडे तंबोऱ्याला तारा चढवायला जातो त्यांचं आडनाव सतारमेकर. वाद्य आडनाव होऊ शकतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

विवाल्दीची आणखी एक गोष्ट मी त्या रात्री मुलांना सांगितली नाही, नंतर सांगितली. तो १७४१ साली व्हिएन्नात गरिबीत गेला आणि जवळजवळ दोनशे वर्षं विस्मरणात पडला. १९२० च्या दशकात त्याच्या हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला, तोही दोन ठिकाणी विखुरलेला. तोरिनोच्या ग्रंथालयाकडे विकत घ्यायला पैसे नव्हते. दोन गृहस्थांनी ते दिले. दोघांचीही लहान मुलं वारली होती. त्यामुळे ‘फोआ’ आणि ‘जोर्दानो’ या दोन संग्रहांवर आज त्या मुलांची नावं आहेत, माउरो आणि रेंझो. शेकडो रचना अशा परत आल्या. अनाथ मुलींसाठी लिहिलेलं संगीत दोन गेलेल्या मुलांच्या नावानं सांभाळलं गेलं, हे मला आजही सांगताना जड जातं.

‘कॉन्झर्व्हेटरी’ हा शब्द आपण संगीत विद्यालयासाठी सर्रास वापरतो. तो आला नापोलीहून. सोळाव्या शतकापासून तिथे चार ‘कॉन्सेर्वातोरिओ’ उभी राहिली, आणि त्या शब्दाचा अर्थ होता सांभाळण्याची जागा. अनाथ, गरीब मुलांना सांभाळण्याची. त्यांना पोटापुरता हुन्नर म्हणून गाणं शिकवू लागले, आणि शतकभरात गाणंच मुख्य होऊन बसलं. हे कळल्यावर माझ्या मनातला एक संकोच गेला. मुलांना घेऊन चर्चमध्ये, सभागृहात शिरताना मी सारखी अवघडत होते. इतरांना त्रास तर होणार नाही ना, कुणी वळून बघतंय का. पण हे संगीत मुलांनीच वाजवत, गात इथवर आणलंय. माझी दोन मुलं तिथे पाहुणी कशी?

मांतोवा बहुतेक प्रवाशांच्या यादीत नसतं. आमच्या यादीत आलं ते मोत्झार्टमुळे. चौदावं वर्ष पुरं व्हायला अकरा दिवस असताना, १६ जानेवारी १७७० ला, तो इथल्या बिब्बिएना नाट्यगृहात वाजवायला आला. नाट्यगृह उघडून तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. घंटेच्या आकाराचं, लहानसं, लाकडी सज्जांचं हे नाट्यगृह जसंच्या तसं आहे, दिवसा बघता येतं आणि अजून तिथे मैफली होतात. बाप लिओपोल्ड आणि मुलगा हे दोघं थंडीत घोडागाडीनं गावोगाव हिंडत होते. एप्रिलमध्ये रोमला पोचले, सिस्टीन चॅपेलमध्ये आल्लेग्रीचं ‘मिझेरेरे’ ऐकलं आणि मुलानं ते आठवणीनं लिहून काढलं. मी मुलांना आपल्या कुमार गंधर्वांची आठवण करून दिली, दहा-अकरा वर्षांचं पोर मोठमोठ्यांच्या गायकी हुबेहूब गाऊन दाखवायचं. धाकट्याला मात्र यात रस नव्हता. त्याला जाणून घ्यायचं होतं की मोत्झार्टला बाबांनी मधूनमधून खेळायला सोडलं का. सोडलं असेल, असं मी म्हणाले. मला ते खरं असावंसं वाटतं.

मोठा ऑपेरा मुलांना दाखवूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. मिलानच्या ला स्कालानं २०१४ पासून मुलांसाठी तासाभरात बसवलेले ऑपेरा सुरू केले, पहिला रोस्सिनीचा ‘चेनेरेंतोला’, म्हणजे सिंड्रेला. त्यांच्याच अकादमीचे तरुण विद्यार्थी त्यात गातात. मंच तोच, वाद्यवृंद खरा, लांबी तेवढी कमी. याहून मला भावते ती कोमोच्या एका संस्थेची रीत. ‘ओपेरा दोमानी’, उद्याचा ऑपेरा. शाळांमधून आधी काही महिने मुलं ऑपेरातली काही गाणी शिकतात, हातानं कागदी वस्तू बनवतात, आणि प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षागारातून उभं राहून नटांबरोबर गातात. आठशे-हजार पांढरे आवाज एकदम. प्रवाशाला त्यात घुसता येईलच असं नाही. पण तिकीट काढण्याआधी गाणी घरी ऐकवून, गुणगुणून ठेवायची, एवढं आपल्यालाही जमतं. आणि मोठाच ऑपेरा घ्यायचा तर ज्यात मंचावर मुलं आहेत असा घ्यावा. ‘ला बोएम’च्या दुसऱ्या अंकात खेळणीवाल्यामागे धावणारी पोरं आहेत, ‘कार्मेन’च्या पहिल्या अंकात शिपायांची नक्कल करणारी. ‘तोस्का’च्या तिसऱ्या अंकात पहाटे एक मेंढपाळ मुलगा गातो आणि पाठोपाठ रोमच्या चर्चच्या घंटा ऐकू येतात. त्या घंटांचे सूर नेमके यावेत म्हणून पुच्चिनी स्वतः रोमला जाऊन पहाटे ऐकत उभा राहिला होता. आपलं मूल मंचावरच्या मुलाकडे ज्या डोळ्यांनी बघतं, त्या डोळ्यांनी नायिकेकडे कधीच बघत नाही.

पुच्चिनीच्या लुक्कामध्ये जवळजवळ रोज संध्याकाळी सान जोवान्नी चर्चमध्ये तासाभराची मैफल असते. एक पियानो, एक-दोन गायक, बस्स. दिवसभर गावाच्या तटबंदीवर सायकली फिरवायच्या. हा तट चार किलोमीटरचा, वर झाडं लावलेला, गाड्यांना मज्जाव. दुपारी मुलांना झोपवायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, दुपारी न झोपलेलं मूल रात्रीच्या गाण्याला नेऊ नये. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. पहिल्या बाकावर बसलो. गायिकेनं वरचा स्वर लावला तेव्हा तिचा गळा, मान, खांदे, सगळं कसं कामाला लागतं ते मुलांना दिसलं. तिला माईक नव्हता. “एवढा आवाज तिच्या पोटातून आला?” धाकट्यानं विचारलं, जरा मोठ्यानंच. शेजारच्या आजींनी त्याच्याकडे वळून मान डोलावली आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला.

फ्लोरेन्सच्या ‘माज्जो’च्या इमारतीत एका सभागृहावर मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं नाव आहे. १९८५ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तिथला वाद्यवृंद सांभाळला. रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत १९९० च्या जुलैत तीन टेनॉर एकत्र गायले तेव्हाही वाद्यवृंदापुढे तेच उभे होते. मुलांनी पाटीवरचं नाव वाचलं, फोटो काढला आणि त्यांना भूक लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला परतलो. शाळा सुरू व्हायच्या आधी मिरजेला सतारमेकर चाचांकडे तंबोरा दुरुस्तीला टाकायचा होता. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक गल्लीत अजून चालू होतं. लेकीनं चाचांना क्रेमोनाच्या दुकानाचे फोटो दाखवले, त्या आतल्या काडीबद्दल सांगितलं. आत्मा म्हणतात तिला, ती म्हणाली. चाचांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. “आपल्याकडे जवारी,” ते म्हणाले. “त्यातही जीवच आहे.”

जवारी काढायला त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला. घोडीवर तार टेकते तिथे कानस फिरवली, फुंकर मारली, परत फिरवली. मग सुती धाग्याचा तुकडा तारेखाली घातला आणि तार छेडली. सूर बोजड, बंद. धागा रेसभर पुढे सरकवला. पुन्हा छेडली. त्यांनी धाकट्याला जवळ बोलावून भोपळ्याला कान लावायला सांगितला.

“सूर उघडला की सांग,” ते म्हणाले.

धागा सरकत होता, तार वाजत होती. धाकटा डोळे मिटून, भोपळ्याला गाल टेकवून बसला होता. पाचव्यांदा की सहाव्यांदा त्यानं हात वर केला.

“आता,” तो म्हणाला.